४३ शिक्षक, दीड तास आणि विषय ‘मुलांचं मन’. काय घेऊ?

गणिताचे_सर

नमस्कार मंडळी.

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पदवीधर शिक्षक आहे, गणित-विज्ञान. नोकरीला सतरा वर्षं झाली. इथं एरवी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद आहे. त्यात ‘विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य’ या विषयाला दीड तास ठेवलाय आणि तो माझ्या गळ्यात आलाय. का, तर आरोग्यदूत (शाळेत आरोग्याचे विषय घेणारा शिक्षक) म्हणून आमच्या शाळेतून प्रशिक्षणाला मी गेलो होतो. प्रत्येक शाळेतून दोन जण, शक्यतो एक पुरुष आणि एक बाई, असा नियम आहे. माझी निवड झाली कारण त्या आठवड्यात बीएलओची, म्हणजे मतदारयाद्यांची, ड्युटी नसलेला मी एकटाच होतो. प्रशिक्षण वाईट नव्हतं. अकरा विषय, त्यातला एक भावनिक आरोग्य. त्याच्या वाट्याला एक दुपार आली, तीही जेवणानंतरची. पीपीटी पेन ड्राइव्हवर घेऊन आलो, ११२ स्लाइड. केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, “तीच दाखवा की, नवीन काय करायचंय.”

दाखवली असती. पण गेल्या वर्षीचं एक लेकरू डोळ्यांपुढून जात नाही.

आमच्याकडं दसरा झाला की टोळ्या उठतात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते, मुकादमाचा ट्रक येतो, आणि निम्मं गाव ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं, काही कर्नाटकात. परततात ते पाडव्याच्या आगेमागे. तान्ही लेकरं आईबापाबरोबर जातात, शाळेतली आजीपाशी राहतात. कागदावर त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह असतं, त्याचा वेगळा धागा होईल. तर हा आठवीतला. गुणोत्तर-प्रमाणाची उदाहरणं तोंडी सोडवायचा. डिसेंबरात वह्या तपासताना त्याची वही हाती आली. रोजची तारीख टाकलेली, समास आखलेला, आणि पान कोरं. अशी अकरा पानं. तारीख एकही चुकलेली नाही.

मी काय केलं ते सांगतो, लाज वाटते तरी. ऑफिसात बोलावलं. दोघं सहकारी पोषण आहाराचा हिशेब लिहीत बसले होते, त्यांच्यादेखत विचारलं, “काय झालं? सांग, घाबरू नको.” तो फरशीकडं बघत उभा. मग माझ्या तोंडून ते ठरलेलं निघालं: “आईबाप तिकडं थंडीत फडात राबतात आणि तू इथं...” पुढचं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. नऊ दिवस.

दहाव्या दिवशी घरी गेलो. आजी म्हणाली, रात्री झोपत नाही, दाराशी बसून असतो, एक भाकरी दोन वेळेला पुरवतो. बऱ्याच वेळानं कळलं ते असं: आईचा फोन बिघडलेला, टोळीत फोन काय तो मुकादमाचा, आणि तीन आठवडे याच्या कानावर आईचा आवाज पडला नव्हता. मुकादमाचा नंबर गावात चार जणांकडं होता. मी तिथंच ओट्यावर बसून लावून दिला. दोन मिनिटं बोलणं झालं. तो नुसता “हं... हं...” करत होता.

एवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. शाळेत यायला लागला, वही भरायला लागली, पण झोप मार्चपर्यंत नव्हती. कुठं दाखवायचं, कुणाला विचारायचं, मला सुधरलं नाही. पीपीटीत असेलही, स्लाइड ८०-९० च्या सुमाराला, मला डुलकी लागली असेल. आता तो तालुक्याच्या हायस्कुलात नववीला आहे. एसटी स्टँडवर दिसतो, मान हलवतो.

तर दीड तासात ४३ शिक्षकांना असं काय द्यावं, की ऑफिसात मी बोललो ते त्यांच्या तोंडून निघणार नाही? आणि लेकरू बोललंच, तर पुढं पाठवायचं कुणाकडं? आमच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही. जाणकारांनी सांगावं.

---

मधली_सुट्टी

सर, मी अकरा वर्षं शाळांमध्ये समुपदेशक आहे. आधी महापालिकेच्या शाळांत, आता पुण्यातल्या एका खासगी शाळेत. दहाव्या दिवशी घरी जाणारे शिक्षक मला बोटांवर मोजता येतील. एवढं बोलून कामाचं सांगते.

स्लाइड नकोतच. लक्षणांची यादीसुद्धा वाटू नका. यादी हातात आली की शिक्षकाचा डॉक्टर होतो आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ‘सातवीतल्या अमकीला डिप्रेशन आहे’ सुरू होतं. त्याऐवजी एकच प्रश्न द्या: या मुलात काय बदललं? जे मूल पहिल्यापासून अबोल आहे ते अबोलच असणार. बडबड्या गप्प झाला, पुढच्या बाकावरची आपणहून मागे जाऊन बसली, दर सोमवारी पोटात दुखायला लागलं, तुमच्या मुलासारखी वही कोरी पडली, तर बघायचं. आणि ते दोनेक आठवडे टिकलं तर नुसतं बघत राहायचं नाही. तुमच्या मुलाची झोप आणि जेवण दोन्ही गेलं होतं, तेव्हा त्याला दाखवायला हवं होतं, हे तुम्हालाही आता कळतंच आहे.

बाकी सगळा वेळ सराव. तिघातिघांचे गट करा. एक मूल, एक शिक्षक, एक नुसता बघणारा. चार मिनिटं, मग अदलाबदल. शिक्षकाला एकच बंदी: सल्ला द्यायचा नाही. बघणाऱ्यानं सल्ला मोजायचा. तुम्हाला वाटेल यात काय अवघड आहे. करून बघा. वीस वर्षं जे बोलायचा पगार मिळाला तेच बंद करायचंय.

सुरुवातीचं वाक्य फळ्यावर लिहून द्या, कारण आयत्या वेळी कोणालाच सुचत नाही. “चार दिवस बघतेय, तू डबा उघडतच नाहीस. मला काळजी वाटली.” जे डोळ्यांनी दिसलं ते, किती दिवस दिसलं ते, आणि मला काय वाटलं ते. पुढे थांबायचं. “काय झालं?” विचारलंत की मुलाला उत्तर द्यावं लागतं, आणि “काही नाही” हे त्याच्याकडे तयार असतं. थांबायचं म्हणजे मनात दहा अंक मोजायचे. दहा सेकंद फार लांब असतात.

समोरासमोर बसवू नका. शेजारी बसा, हाताला काम द्या. पेपरचे गठ्ठे लावा, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या पुसा. तुम्ही विज्ञानाचे, तुमच्याकडे निमित्तं भरपूर. दार उघडं असावं, येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही दिसावेत, पण ऐकू जाऊ नये. वऱ्हांड्याचं टोक सगळ्यात चांगलं.

आता दोन गोष्टी, ज्यांवर तुमचे ४३ जण वाद घालतील.

पहिली, गुपिताची. “मी कोणालाच सांगणार नाही” हे वचन द्यायचं नाही. मूल मागेल, तुम्हाला द्यावंसं वाटेल, तरी नाही. म्हणायचं, “तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं लागेल. पण कोणाला सांगणार ते आधी तुला सांगीन.” मी पहिल्याच वर्षी वचन दिलं होतं आणि तीन दिवसांत मोडलं. ती मुलगी माझ्याशी परत बोलली नाही.

दुसरी, जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांची. शंका आली तर सरळ विचारायचं: “मरून जावं असं मनात येतं का?” विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार भरतो ही समजूत चुकीची आहे, आजवरचा अभ्यास तसं सांगत नाही. उलट विचारलं की मुलाला कळतं, हे या माणसाजवळ बोलता येतं. उत्तर ‘हो’ आलं, किंवा ‘कधीकधी’ आलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या मोठ्या माणसाला बोलवायचं आणि पुढची सोय त्याच दिवशी करायची. सोमवारी बघू, हे चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची एक पुस्तिका आहे, मानसशास्त्रीय प्रथमोपचाराची. तिचा गाभा तीन क्रियापदांत आहे: बघा, ऐका, जोडा. लिहिली आहे आपत्तीत सापडलेल्यांसाठी, पण वर्गातही चालते. आपल्या प्रशिक्षणांत ‘बघा’ला चाळीस स्लाइड असतात, ‘ऐका’ला कानाचं एक चित्र असतं, आणि ‘जोडा’ येईपर्यंत चहा येतो.

---

गणिताचे_सर

ताई, मनापासून आभार. दहा सेकंदांचं काल घरी करून बघितलं. बायको म्हणाली, “बरं नाही का?”

---

स्पष्टवक्ता_७२

मुलांच्या हातातले मोबाइल काढून घ्या, अर्धे प्रश्न तिथल्या तिथे मिटतील. आमच्या वेळी नव्हतं असलं काही.

---

गणिताचे_सर

साहेब, या लेकराचं सगळं फोन नसल्यामुळंच झालं होतं.

---

पत्र्याची_शाळा

मी निवृत्त मुख्याध्यापक, औसा तालुका. प्रशिक्षणांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. छत्तीस वर्षांत किती केली त्याची मोजदाद नाही. वरिष्ठ श्रेणीचं केलं, निवड श्रेणीचं केलं, शेवटी शेवटी ‘निष्ठा’ हे ऑनलाइन प्रशिक्षण आलं. निष्ठाचे व्हिडिओ आवाज बंद करून चालू ठेवायचे आणि शेजारी भाकरी खात बसायचं, अशी माणसं पाहिलीत. आरशातही पाहिलंय. आता नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला ५० तास शिकावं असं लिहिलंय. तास मोजायला सोपे असतात.

पण तुमच्या धाग्यावर लिहावंसं वाटलं, कारण अकरा कोऱ्या पानांवरून मला एक हजेरीपट आठवला.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. आमचं गाव किल्लारीपासून लांब नाही. मला तेव्हा नोकरीत आठ वर्षं झाली होती. शाळा परत भरली ती पत्र्याच्या शेडमध्ये. माझ्याकडं चौथीचा वर्ग. रस्त्यावरून मालाचा ट्रक गेला की पत्रा थरथरायचा आणि अख्खा वर्ग बाहेर. पहिल्या दिवशी मी ओरडलो, “बसा खाली!” दुसऱ्या दिवशी ओरडलो. तिसऱ्या दिवशी ट्रक जरा मोठा होता, आणि मीच सगळ्यात पुढं पळालो. बाहेर चिंचेखाली उभं राहून पोरं माझ्याकडं बघून हसली. भूकंपानंतर वर्गात पहिल्यांदा हसू आलं ते असं, माझ्यावर.

मग ठरलं, ज्याला पळायचंय त्यानं पळायचं. पाणी प्यायचं आणि परत यायचं. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. दाराजवळ कुणी बसायचं तेही पोरांनीच ठरवलं. मदतीला आलेल्या एका पथकातले डॉक्टर होते, नाव विसरलो, त्यांनी दोनच वाक्यं सांगितली: जो सांगतो त्याला थांबवू नका, जो सांगत नाही त्याला उकरू नका. आणि म्हणाले, घंटा वेळेवर द्या. घंटा गाडली गेली होती. आम्ही लोखंडाचा एक तुकडा टांगला.

आता हजेरीपट. वर्गातली तीन नावं राहिली नव्हती. हजेरी घेताना मी ती गाळायचो. आवाज न बदलता बारावरून तेरावर, तेरावरून पंधरावर. मला वाटायचं, किती सफाईनं करतोय. आठव्या की नवव्या दिवशी एक पोरगी उभी राहिली. म्हणाली, “गुरुजी, तुम्ही रोज चौदा नंबर सोडता.” चौदा नंबर तिच्या शेजारी बसायची.

मला काही सुचलं नाही. त्या दिवशी हजेरी तिथंच थांबवली. दुसऱ्या दिवशी नवा हजेरीपट आणला, पण आधी जुना उघडला आणि सगळी नावं वाचली, तिन्ही धरून. त्या तीन नावांना पोरं गप्प राहिली. मग जुना मिटून कपाटात ठेवला आणि नवा सुरू केला. कुण्या पुस्तकात असं करा म्हणून लिहिलंय का, मला माहीत नाही. त्यानंतर मात्र त्या पोरीनं माझ्याकडं हजेरी घेताना रोखून बघणं सोडलं.

तुमच्या दीड तासातली दहा मिनिटं मास्तरांसाठी राखा. मी १९९६ पर्यंत अंगणात झोपत होतो. बायकोनं दोनदा अंथरूण आत नेलं, मी दोनदा बाहेर आणलं. लेकरांची चौकशी करायला पुष्कळ माणसं आली. गुरुजी झोपता का, असं एकानंही विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

---

सातपुडा_अधेमधे

पत्र्याची_शाळा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेत शिकवते. आमची मुलं वर्षातले बहुतेक दिवस शाळेतच राहतात, त्यामुळे धाग्यातली गोष्ट आमच्याकडे घरोघरी नाही, खाटोखाटी आहे. दोनच मुद्दे.

‘उदास वाटतं का?’ हा प्रश्न माझ्या पहिलीतल्या पावरी बोलणाऱ्या मुलींना मी दोन वर्षं विचारत होते आणि त्या “नाही बाई” म्हणत होत्या. माझी पावरी अजूनही कच्ची आहे. शेवटी सहावीतल्या एकीनं मला समजावलं की बाई, त्यांना घरची आठवण आली की त्या तुम्हाला ‘डोकं दुखतं’ म्हणतात. तेव्हापासून डोकेदुखीची गोळी देण्याआधी मी विचारते, घरी आत्ता कोण असेल, शेतात काय चाललं असेल. निम्म्या डोकेदुख्या तिथेच बोलायला लागतात. उरलेल्यांना गोळी देते.

दुसरा मुद्दा, प्रशिक्षणाला कोणाला बोलवायचं. आमच्याकडे मुलीची झोप उडाली हे शिक्षकाला शेवटी कळतं. आधी अधीक्षिकेला, त्याच्या आधी वसतिगृहात काम करणाऱ्या कामाठीताईंना आणि स्वयंपाकीणबाईंना. त्यांना आजवर एकाही प्रशिक्षणाचं पत्र आलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात पंधरा निर्देश दिलेत. त्यात स्पष्ट आहे की शिकवणारे आणि न शिकवणारे, सगळ्याच कर्मचाऱ्यांचं असं प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा व्हावं, आणि ते या विषयातल्या पात्र माणसानं द्यावं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक नेमावा, असंही आहे. तो आमच्या डोंगरात कधी चढेल ते चढेल. पण सर, तुमच्या खिचडीवाल्या ताईंना बोलवायला पद मंजूर व्हावं लागत नाही. कोणाचं ताट तसंच परत आलं हे त्यांना रोज दिसतं.

---

सिव्हिलचा_माणूस

दुसऱ्या एका जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सामाजिक कार्यकर्ता आहे. ‘कुणाकडं पाठवायचं’ हे कोणी नीट लिहिलेलं दिसलं नाही म्हणून लिहितो.

तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी जिल्हा रुग्णालयात आमच्या कार्यक्रमाची टीम असते. ओपीडी कोणत्या वारी, हे फोन करून विचारून घ्या आणि परिषदेत फळ्यावर लिहा. बऱ्याच ठिकाणी टीम ठरल्या दिवशी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातही येते, तुमच्याकडे येते का तेही विचारा. किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, ते बहुतेक शिक्षकांनी बोर्डावर वाचलेलं असतं आणि लग्नाळू लोकांसाठी आहे समजून सोडून दिलेलं असतं.

फोनवर बोलायचं तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. हे फक्त पेशंटसाठी नाही. ‘माझ्या वर्गात असं मूल आहे, मी काय करू’ हे विचारायला शिक्षकानं फोन केला तरी चालतो. गुरुजींची झोप उडाली असेल तरी चालतो.

चिठ्ठीवर ‘मानसिक रुग्ण’ लिहून पाठवू नका. अशा चिठ्ठ्या माझ्या टेबलावर येतात. सोबत आलेल्या आजोबांना वाचता येत नसतं, मुलाला येतं. जे पाहिलं ते लिहा. ‘५ डिसेंबरपासून वहीत काही लिहिलेलं नाही. नऊ दिवस गैरहजर. आजी सांगते, रात्री झोपत नाही, जेवण निम्म्यावर.’ डॉक्टरांना यातून जितकं कळतं तितकं ‘डिप्रेशन?’ या शब्दातून कळत नाही. पालकांना आधी सांगा, आणि जमलं तर पहिल्या खेपेला सोबत या. केसपेपरच्या रांगेतूनच निम्मे लोक परत जातात.

एक गोष्ट वेगळी ठेवा. मूल लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं, तर तिथे सरावाचे नियम संपतात. पोक्सो कायदा, २०१२, कलम १९: ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. “मी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं” एवढ्यानं तुमची जबाबदारी संपत नाही. १०९८ चाइल्डलाइन मदतीला आहे, शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे, त्यांनाही घ्या, पण पोलिसांना कळवणं टळत नाही. मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारू नका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. हे ४३ जणांना पाच मिनिटांत सांगा, पण सांगाच. शिक्षकांना हे माहीत नसल्यामुळे काय होतं ते मी पाहिलंय, इथे लिहिणार नाही.

---

मधली_सुट्टी

सिव्हिलचा_माणूस, तुमच्या चिठ्ठीचा नमुना मी माझ्या शाळेत वापरणार आहे. परवानगी गृहीत धरते.

---

गणिताचे_सर

मंडळी, परिषद काल झाली. उशिरा लिहितोय, आल्या आल्या झोपलो.

४३ पैकी ३४ जण होते. ‘निपुण’ या वाचन-गणिताच्या अभियानाचा आढावा लांबला आणि दीड तासाचे सत्तर मिनिटं उरले. त्यात लाइट गेली. साहेब म्हणाले, पीपीटीचा फोटो अपलोड करावा लागतो. मी म्हटलं, पीपीटी नाहीच. शेवटी कोऱ्या पडद्यापुढं उभं राहून फोटो काढला.

आधी माझीच गोष्ट सांगितली, ऑफिसातलं ते वाक्य धरून. कुणी हसलं नाही. मागून एक सर म्हणाले, “मी गेल्या आठवड्यात बोललो हेच.”

मग गट. मुलाच्या भूमिकेला पहिल्यांदा केंद्रप्रमुख साहेब स्वतः बसले, आणि काय बसले. मान खाली, बोटानं बाकाचा कोपरा खरवडत. समोर आमचे एक ज्येष्ठ गुरुजी, सेवा सव्वीस वर्षं. फळ्यावरचं वाक्य म्हणाले, थांबले. मी घड्याळ लावलं होतं. चौथ्या सेकंदाला गुरुजी: “बाळा, परिस्थितीवर मात करायला...” आणि बघणाऱ्या बाई कबड्डीतल्यासारख्या ओरडल्या, “सल्ला! सल्ला!” हॉल हसून लोळला. तिसऱ्या खेपेला गुरुजींनी नऊ सेकंद गाठली. घाम पुसत म्हणाले, यापेक्षा दहावीचा भूमितीचा पेपर बरा.

पुढं एक झालं ज्याची तयारी मी केली नव्हती. दुसऱ्या फेरीत एक बाई मूल झाल्या होत्या. समोरच्या सरांनी वाक्य म्हटलं, “तीन दिवस बघतोय, तुम्ही... तू जेवत नाहीस,” आणि थांबले. बाई खरंच रडायला लागल्या. त्यांचा मुलगा लातूरला नीटच्या क्लासला आहे, एवढंच म्हणाल्या. हॉल गप्प. मला वाटलं काहीतरी बोलावं, प्रमुख वक्ता मी. पण त्यांच्या गटातल्या मॅडमनी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी बाहेर पाण्याच्या टाकीकडं गेल्या. पत्र्याची_शाळा गुरुजी, मास्तरांची दहा मिनिटं तुम्ही म्हणाला होतात, ती अशी मागण्याआधीच आली. नंतर त्या आत येऊन बसल्या आणि १४४१६ वहीत लिहून घेतला.

पोक्सोचं सांगितलं तेव्हा कुजबुज झाली. कलम २१ दोघांनी परत विचारलं. सिव्हिलच्या ओपीडीचे वार फळ्यावर लिहिले, बऱ्याच जणांनी फोटो काढला. सराव मात्र फक्त निम्म्या गटांचा झाला, बाकीच्यांचा राहिला.

आता सांगायचं राहिलेलं. केंद्रातल्या पाच खिचडीवाल्या ताईंना निरोप दिला होता, तिघी आल्या. खुर्च्या असून दाराजवळ सतरंजीवर बसल्या. शेवटी मी विचारलं, ताई, तुम्हाला काही सांगायचंय का. दोघी पदर सावरत हसल्या. तिसरी म्हणाली, “सांगायचं असं काय न्हाई. आमच्यात सहावीतलं एक पोरगं सोमवारपासून ताट घेतं, भिंतीकडं तोंड करून बसतं अन् तसंच आणून ठेवतं. म्या दोनदा गूळ दिला, तोबी न्हाई खाल्ला.”

त्या शाळेचे वर्गशिक्षक दुसऱ्या रांगेत होते. वळून म्हणाले, “कोण गं?” तिनं नाव सांगितलं. सर म्हणाले, “तो तर रोज गृहपाठ पूर्ण आणतो.”

आज दुपारी त्यांचा मेसेज आला. तोच इथं देतो: “ताई तांदूळ निवडत होत्या, मी आणि तो शेजारी बसलो. वाक्य म्हटलं. दहा मोजले. मग वीस मोजले. काही बोलला नाही, पण खडे माझ्यापेक्षा जास्त काढले. उद्या परत तांदूळ आहेत का विचारत होता.”